कर्दळीपुढे बसलेली बाई

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवालीने जुडी पुढे केली की मी मागची उचलते. लग्नात सासूबाईंनी दिलेली साडी मी त्यांच्या समोरच उलगडून डाग शोधला होता, आणि तो सापडला नाही तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं होतं. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना कोणी माझी बाजू घ्यायला जाऊ नये.

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. मी कराडकडची. लग्नानंतर बोईसरला आले ती ह्यांच्या नोकरीमुळे. हे कापडाचे रंग तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. आमची खोली कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या बैठ्या ओळीत होती. प्रत्येक खोलीपुढे अंगणाची चिंचोळी पट्टी. शेजारणी तिथे कपडे वाळत घालायच्या. मी कर्दळ लावली होती, लाल जास्वंद लावली होती, कुंपणावर मधुमालती चढवली होती आणि पायरीशी अबोली. माहेरी असताना मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि आमच्या गावच्या मास्तरांकडे तैलरंगही शिकले होते. लग्नानंतर तीन वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. त्या दिवाळीला माहेरून येताना ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या रंगाच्या नळ्या घेऊन आले आणि ठरवलं, आता एक चित्र काढायचंच. माझ्या फुलझाडांत बसलेली एक बाई.

बाई कोण, हा प्रश्न होता. ‘आमचं काढा की वहिनी’ म्हणणाऱ्या शेजारणी होत्या, पण त्यांना शालू नेसून बसायचं होतं आणि चित्रात गोरं व्हायचं होतं. मला हवी होती ती आमच्याकडे भांडीधुणं करायला येणारी बाई. ती उमरोळीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून रुळाच्या कडेकडेने चालत यायची. पस्तिशीची असेल. गळ्यात काळ्या मण्यांच्या माळा, लुगडं गुडघ्यापर्यंत, आणि चेहरा असा की एकदा पाहिला की पुन्हा पाहावासा वाटे. आमच्या ओळीत तिची चार घरं होती. त्या चार घरांमुळे दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर जायला निघाली तरी तिला जावं लागत नसे. तिच्या दोन पोरी पाड्यावरच्या शाळेत जात होत्या. भट्टीवर जायचं तर पोरींनाही न्यावं लागणार, आणि मग शाळा संपलीच. हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

मी विचारलं तेव्हा तिला माझा संशय आला.

“माझा तोंड काडून काय करशील?” ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायची. पहिल्यांदा मला ते झोंबलं होतं.

“भिंतीवर लावीन.”

“मी काय मेली हाय?”

मी तिला समजावलं की जिवंत माणसाचंही चित्र लावतात. तिचा विश्वास बसला नाही, पण ती तयार झाली. नाही म्हटलं तर चारातलं एक घर जाईल, असं तिला वाटलं असावं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की नव्हतं, याबद्दल मला आज खात्री देता येत नाही.

तर दुपारी काम उरकलं की ती कर्दळीपुढे पाटावर बसायची, तासभर. त्या तासाचं मी तिला वेगळं काही देत नव्हते. मास्तरांची शिकवण होती की आधी चेहरा घ्यावा आणि मग पानंफुलं, कारण माणूस कंटाळतो, झाड कंटाळत नाही. आणि दुसरी शिकवण म्हणजे पान असो की फूल, समोर असल्याशिवाय रंगवायचं नाही. मनाने पानं काढली की सगळी सारखी होतात. म्हणून झाडं टवटवीत हवी होती, आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. मी ह्यांच्या मागे लागले. ह्यांनी कारखान्यातून एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. तीनदा साबणाने धुतलाय म्हणाले. बोईसरला तेव्हा घरोघरी असे ड्रम होते, त्यात विशेष काही नव्हतं. माझा पाहून शेजारणींनी मागितले. ह्यांनी त्या तिघींनाही एकेक आणून दिला. ओळीत ह्यांचा मान वाढला.

ड्रम अंगणात ठेवला. पाणी आलं की तो भरायचा. झाडांना आणि धुण्याला ड्रमचं पाणी, प्यायला माठातलं, अशी वाटणी मी करून दिली. झाडांना पाणी घालायचं काम तिच्याकडे.

चेहरा आठ दिवसांत झाला. स्वतःचं कौतुक करू नये, पण छान झाला होता. ती माझ्याकडे बघायची ते थोडं तिरपं, भुवई किंचित वर, जणू मी आता काहीतरी खोटं बोलणार आहे. ते बघणं तसंच्या तसं उतरलं होतं. मग लुगडं, हात शेवटी घ्यायचे ठरवून, तिला तशीच बसवून मी पानांना हात घातला, आणि तिथूनच शंकेची पाल चुकचुकायला लागली.

पहिली गोष्ट म्हणजे ती आमच्या घरी पाणी पीत नव्हती. आधी प्यायची. आता चहा दिला तरी नको म्हणायची. मला वाटलं, शेजारच्या कोणीतरी कान भरले. दुसरी गोष्ट, धुणं झाल्यावर ती हात माठाच्या पाण्याने धुवायची. माठाचं पाणी म्हणजे आमचं प्यायचं पाणी. मी एकदा पाहिलं, गप्प बसले. दुसऱ्यांदा पाहिलं आणि बोलले. ती म्हणाली, “पिपाच्या पान्यानं हाताला आग होतं.” माझ्याही हातांना खाज सुटली होती, पण मी दिवसभर टर्पेंटाइन हाताळत होते, माझं कारण मला माहीत होतं. हिला आग व्हायचं कारण काय? नखरे, दुसरं काय.

तिसरी गोष्ट घडली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ही बाई ड्रममधून बादली भरून गटारात ओतत होती. झाडांना नाही, गटारात. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात.

“हे काय चाललंय?”

“वास हाय, बाय. पान्याला वास हाय. बघ तू.”

मी ड्रमवर वाकून वास घेतला. मला काही आला नाही. बोईसरला राहणाऱ्याचं नाक तसंही कामातून गेलेलं असतं. वारा कारखान्यांकडून आला की आम्ही खिडक्या लावायचो आणि त्यालाच हवापालट म्हणायचो. त्यातून माझ्या नाकात सदानकदा टर्पेंटाइन. “मला नाही येत वास,” मी म्हणाले, “आणि साहेब स्वतः त्याच कामात आहेत. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?” ती चित्रातल्यासारखी तिरपी बघत राहिली.

त्याच आठवड्यात कर्दळीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग तपकिरी. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. मी एक पान रंगवायला घ्यावं, अर्धं व्हावं, आणि दुसऱ्या दिवशी ते पान वाळून वळलेलं असावं. चित्रात डावीकडची पानं हिरवी झाली होती, उजवीकडचं कापड कोरंच. आणि बरोबर उजवीकडच्याच झाडांना पाणी घालायला ती आधी जायची. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवली. तिच्या ओच्यात काय आहे ते बघितलं. ती गेल्यावर माती उकरून पाहिली. काही सापडलं नाही, आणि काही न सापडल्याने माझा संशय जास्तच पक्का झाला. माझ्या मनात एक गोष्ट तयार झाली होती. हिला बसायचा कंटाळा आलाय, तोंडाने नाही म्हणता येत नाही, म्हणून ही झाडांनाच काहीतरी घालतेय. झाडं मेली की चित्र संपलं. गोष्ट इतकी नीट जुळत होती की तीच खरी असणार, असं मला वाटलं.

ज्या दिवशी अबोली मान टाकून बसली, त्या दिवशी मी अंगणात उभी राहून मोठ्याने विचारलं, “झाडांना काय घालतेस तू?”

“मी काय नाय घातला.”

“मग मेली कशी?”

“पान्यानं मेली. तुला बोलली ना मी.”

“पाण्याने झाडं जगतात. खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोल.”

ओळीतल्या तिघी दारात आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे माझी ती जुळवलेली गोष्ट. माठाचं पाणी, गटारात ओतलेल्या बादल्या, उकरलेली माती. ही बाई हाताची चांगली नाही, हिचा हात लागला की वाईट होतं, असंही म्हणाले. ते शब्द कुठून आले मला माहीत नाही, पण तोंडातून माझ्याच आले. एकजण म्हणाली, “अगं बाई, आमच्याकडे तर लहान मूल आहे.” मला ते ऐकून बरं वाटलं. हो, बरं वाटलं. माझ्या संशयाला साक्षीदार मिळाले होते.

ती बादली पालथी घालून निघून गेली. संध्याकाळपर्यंत चारही घरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून झाडांना मीच पाणी घालायला लागले. आता सुधारतील, असं मला वाटत होतं. उरलेल्या झाडांत एक जास्वंद बरी होती आणि मधुमालतीचा वरचा भाग हिरवा होता. पाचव्या दिवशी जास्वंदीची पानं खालून वर गळायला लागली. मी काय केलं असेल? पहाटे लवकर उठून खिडकीशी बसले. ती गुपचूप येऊन काही टाकत असणार. सलग तीन पहाटा मी चहाचा कप घेऊन त्या खिडकीत काढल्या. एक कुत्रं आलं आणि पेपरवाला आला. तो मुलगाही मला थोडा संशयास्पद वाटला.

चौथ्या पहाटे जास्वंदीवर एकच फूल राहिलं. निदान ते तरी रंगवून घेऊ म्हणून मी तोडलं, काचेच्या ग्लासात ड्रममधलं पाणी घेऊन त्यात ठेवलं आणि चित्रासमोर बसले. जास्वंद एक दिवस टिकते, मला अख्खा दिवस मिळणार होता. मी लाल रंग घेतला. एक पाकळी झाली. दुसरी बघून घेते तर तिचा रंग मगाशी होता तो नव्हता. मी पुन्हा लाल कालवला, त्यात जरा काळा घातला. पुन्हा पाहिलं, तर पाकळ्या देठाकडून जांभळट होत चालल्या होत्या. मी चित्र दुरुस्त करत होते आणि फूल माझ्या पुढे पुढे पळत होतं. तासाभरात ते गळून ग्लासाच्या कडेवर लोंबायला लागलं, आणि देठ पाण्यात बुडाला होता तेवढा काळा पडला होता.

मी ब्रश खाली ठेवला. घरात दुसरं कोणी नव्हतं. ग्लास मी भरला होता, फूल मी तोडलं होतं. संशय घ्यायला त्या खोलीत फक्त मीच उरले होते. मी पलीकडच्या ओळीतून तगरीची दोन फुलं मागून आणली, एक माठाच्या पाण्यात ठेवलं, एक ड्रमच्या. दिवे लागेपर्यंत माठातलं पांढरंशुभ्र होतं. दुसऱ्याकडे मला बघवेना.

हे कामावरून आले तेव्हा मी दोन्ही ग्लास त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बघितलं. फार वेळ बघितलं नाही.

“ड्रममध्ये काय होतं आधी?”

“धुतला होता मी. तीनदा.”

“काय होतं?”

“आता ते कुठे लक्षात राहतं. रोज पन्नास ड्रम रिकामे होतात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ओतून टाक आणि विषय संपव. ओळीत बोलू नको. गेटवरच्या माणसाला सांगून चार ड्रम बाहेर काढलेत मी. वर गेलं तर माझी नोकरी जाईल.”

मी त्यांच्याकडे बघत बसले. हे कारखान्यातच अंघोळ करून येत. घरी कधी त्या पाण्याने अंघोळ केली नव्हती. त्याचं कारण साधं होतं, तिथे गरम पाणी मिळायचं. तरी मला त्या संध्याकाळी जे वाटलं ते आजतागायत पूर्ण गेलेलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते आणि माझा विश्वास बसला नसता.

मी ड्रम आडवा पाडून रिकामा केला. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर तिन्ही शेजारणींना सांगितलं की हे ड्रम पाणी भरायच्या लायकीचे नाहीत, माझी झाडं त्यानेच मेली. दोघींनी लगेच ओतले. तिसरीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्या जागी मी दिसले. ‘चांगला ड्रम टाकायला लावून हिला काय मिळणार,’ असा हिशोब तिच्या डोळ्यांत चालू होता. तरीही मला हलकं वाटलं. आपण खरं बोललो, कर्तव्य केलं, असं वाटलं. मग मी रुळाच्या कडेने उमरोळीकडे चालत निघाले.

पाड्यावर निघायची तयारी चालली होती. झोपड्यांपुढे भांडी पोत्यात बांधली जात होती. तिची पोरगी गोधडीची गुंडाळी पायाने दाबत होती आणि ती दोरी आवळत होती. मला पाहून तिने दोरी सोडली नाही.

मी म्हणाले की माझं चुकलं. ड्रमचंच पाणी वाईट होतं. तू सांगत होतीस ते बरोबर होतं.

“आमचे इथं कोंबड्या मेल्या असल्याच पिपानं,” ती म्हणाली. “म्हनून बोलली तुला.”

“मी सगळ्यांना सांगितलंय. आज सकाळीच.”

“काय सांगितलंस?”

“ड्रम वाईट आहेत म्हणून.”

तिने गाठ मारली. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, “आनि मी काय नाय घातला, ते सांगितलंस काय?”

नव्हतं सांगितलं. तीन दारांत उभी राहून मी ड्रमबद्दल बोलले होते, झाडांबद्दल बोलले होते, पाण्याबद्दल बोलले होते. तिचं नाव मी काढलंच नव्हतं. विसरले नव्हते. ते वाक्य बोलायचं तर त्याच्या आधी ‘मी खोटं बोलले’ हे वाक्य येतं, आणि माझी जीभ त्या वाक्याला बरोबर वळसा घालून गेली होती.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तिकडं. माझ्यासमोर सांग.”

पोरीला सामानापाशी बसवून ती माझ्यापुढे चालायला लागली. पहिल्या दारात मी म्हणाले, “हिने माझ्या झाडांना काही घातलं नव्हतं. मीच खोटं बोलले.” आवाज नीट निघाला नाही म्हणून तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दारात पहिल्यांदाच नीट निघाला. त्या दोघी म्हणाल्या, मग ये की उद्यापासून. त्यावर तिने आधी त्यांची अंगणं पाहिली आणि विचारलं, “पिप गेला ना?” गेला म्हटल्यावर “येन” म्हणाली. तिसरीने दार उघडलं नाही. आत माणूस आहे हे आम्हा दोघींना बाहेर ऐकू येत होतं. तरी मी बंद दाराला ते वाक्य सांगितलं.

दोन घरं मिळाली म्हणजे भट्टीवर जायला नको, एवढं मला कळत होतं. मला वाटलं, आता माझ्याही घरी ये असं म्हणावं. तेवढ्यात ती माझ्या अंगणात शिरली, वाळलेल्या कर्दळीवरून नजर फिरवून आत आली आणि चित्रापुढे उभी राहिली. चेहरा पुरा झाल्यापासून तिने ते पाहिलं नव्हतं. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आवडलं.

“ह्यो पूस,” ती म्हणाली.

“काय?”

“तोंड. माझा तोंड पूस. फुलं तुझी हायत, ती राव दे. तोंड माझा हाय.”

मी म्हणाले, भिंतीवर नाही लावणार, ट्रंकेत ठेवीन, तुलाच देऊन टाकीन. ती चित्रापुढून हलली नाही. माझ्या आयुष्यातलं एकच बरं चित्र होतं ते. मला रडू आलं आणि तिला ते दिसलं, पण तिच्यासाठी तो काही मुद्दा नव्हता.

तैलरंग महिन्याभरात पूर्ण वाळत नाही. मी सुरी घेतली आणि कपाळापासून खरवडायला सुरुवात केली. भुवया गेल्या, नाक गेलं. डोळे मी शेवटी ठेवले होते. तिने बोट दाखवलं, मग तेही खरवडले. वर टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तेव्हा कापडाचा धागा दिसायला लागला. तिने जवळ येऊन नीट पाहिलं, काही राहिलं तर नाही ना याची खात्री करून घेतली आणि अंधार व्हायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून निघाली. त्यानंतर बरीच वर्षं ती आमच्या दारावरून त्या दोन घरी जात होती. माझ्याकडे तिने कधी पाहिलं नाही आणि मीही तिला हाक मारली नाही.

चित्र मी टाकलं नाही. आता ते बाहेरच्या खोलीत आहे. डावीकडे कर्दळीची मोठी हिरवी पानं, वर एक जास्वंद, तिची एक पाकळी लाल आणि बाकीच्या काळपट. मधे मळकट रिकामी जागा. येणारेजाणारे विचारतात, इथे कोणाला बसवणार होता? मी त्यांना सांगते, ती बसली होती.